फोटोत न दिसलेला नळ

आधी माफी मागतो. आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात नोकरीचे अनुभव लिहिणारे काका-काकू आयुष्यभर नोकरी केलेले असतात. कोणी विमानं दुरुस्त केली, कोणी बर्फात पूल बांधले, कोणी ३२ सेक्टरच्या इस्पितळात रात्रपाळ्या काढल्या. मी अजून कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझी नोकरीही अर्धवेळ. माझं काय वाचायचं, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. पण गणपतीत आरतीनंतर संपादक काकूंनी प्रसादाची वाटी हातात दिली आणि विचारलं, "तू नेमकं काय करतोस रे आयटी पार्कात? तुझी आई म्हणते, दिवसभर फोटोंना नावं ठेवतो. असली कसली नोकरी? लिहूनच दे एकदा."

आई चुकीचं सांगत नाही. ती आणि बाबा, दोघांनाही मी हे काम समजावू शकलेलो नाही. बाबा सैन्यात हवालदार आहेत, ट्रक चालवतात. अलीकडेपर्यंत आम्ही चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत, क्वार्टरमध्ये राहत होतो. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझं बरोबर चाललंय की चुकतंय, हे सांगणारं घरात कोणी नाही. हा लेखही कोणाला आधी दाखवलेला नाही. चूक असेल तर सांभाळून घ्या.

तर काम असं. समजा तुम्हाला खिडकीला ग्रिल बसवायचं आहे. तुम्ही फोनवर 'खिडकीचं ग्रिल' असं शोधता आणि पानभर फोटो येतात. एक आवडतो, तुम्ही त्यावर बोट ठेवता आणि तो फोटो ज्या वेबसाइटवरचा आहे तिथे पोचता. तो पहिल्या ओळीत यावा आणि तुमचं बोट त्याच्यावरच पडावं, यासाठी कोणीतरी मागे बसून खटपट केलेली असते. ते मी. कॅमेऱ्यातून फोटो निघतो तेव्हा त्याचं नाव म्हणजे नुसता आकडा असतो. त्याला ओळखू येईल असं नाव द्यायचं. फोटो हलका करायचा, म्हणजे कमी रेंजमध्येही पटकन उघडेल. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा फोन वाचून दाखवेल, असं एका वाक्यात वर्णन लिहायचं. आणि फोटोच्या खाली-वर त्याच विषयाचा साधा, खरा मजकूर ठेवायचा. उसना फोटो चालत नाही, स्वतः काढलेला लागतो. एवढंच. ऐकायला सोपं वाटतं.

या कामात संशयाची सवय मात्र लवकर लागते. वेबसाइटवर येणारी सगळी माणसं माणसं नसतात. काही नुसते प्रोग्राम असतात, येतात आणि पानं चाळून जातात. काही वेळा शेजारचा दुकानदार रोज येऊन बघतो की याने आज काय नवीन टाकलं. आणि काही वेळा आमच्यासारखेच लोक आपल्या मित्रांना सांगून क्लिक करवून घेतात, म्हणजे महिन्याचा अहवाल बरा दिसतो. म्हणून आकडा वाढला की आमच्या ऑफिसात आधी कोणी खूश होत नाही. आधी विचारतात, कोणी वाढवला?

मला हे सुरुवातीलाच एका रोपवाटिकेच्या कामात कळलं. मालकीणबाईंनी गुलाबांचे, शेवंतीचे सुंदर फोटो दिले होते. त्यातच चुकून एक लिंबाच्या पानाचा फोटो आला, पिवळं पडलेलं, कडा वळलेलं पान. मी तोही प्रामाणिकपणे नाव देऊन टाकला. सगळी गर्दी त्या पानावर! गुलाबांकडे कोणी फिरकेना. बाई मला म्हणाल्या, "बेटा, किसी ने मेरी नर्सरी को बदनाम करने के लिए किया है ये।" त्यांना एका माणसाचं नावही सुचलं होतं. पुढे लक्षात आलं की लोक आपल्या घरच्या कुंडीतल्या पानाशी ते पान ताडून बघत होते. सुंदर वस्तू शोधणारे थोडे असतात, आपली अडचण शोधणारे फार. बाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. मोहालीच्या औद्योगिक भागात बलबीर अंकलचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे रेलिंग असं सगळं करतात. उंच, पांढरी दाढी, डोळ्यांना काळा चष्मा, आणि तो चष्मा वर केला की खालचे डोळे आणखी संशयी. वेबसाइट त्यांच्या मुलीने आग्रहाने करवली होती. पहिल्या भेटीतच ते म्हणाले, "पुत्तर, मेरी डिज़ाइन दुनिया को दिखाएगा, तो दुनिया मुझसे क्यों बनवाएगी? पड़ोस वाले से बनवा लेगी।" मी म्हणालो, "अंकल, दिखेगा तभी तो आएँगे।" ते म्हणाले, "आएगा चोर भी।"

त्यांच्या कामाचे फोटो काढायला मी गिऱ्हाइकांच्या घरी जायचो. त्यातलं एक घर विमानतळाजवळच्या एअरोसिटीत होतं. हवाई दलातून निवृत्त झालेले एक मराठी अधिकारी, आणि त्यांच्या वयोवृद्ध आई. आजींची पाठ पार वाकलेली होती. नेहमीच्या उंचीच्या रेलिंगपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता. म्हणून बलबीर अंकलनी बाहेरच्या पायऱ्यांना भिंतीच्या बाजूने दोन पाईप लावले होते, वरचा बाकीच्यांसाठी आणि खालचा आजींसाठी. पायऱ्यांच्या निम्म्यावर भिंतीतून बागेचा नळ बाहेर आलेला होता. तो हलवायला भिंत फोडावी लागली असती, म्हणून खालचा पाईप तिथे जरा खाली वाकवून, नळाच्या खालून काढून पुन्हा वर आणला होता.

नळ कळकट होता, त्याला चिंधी बांधलेली. मी अशा कोनात उभा राहिलो की जास्वंदीच्या कुंडीमागे नळ लपला. आजी आतून बघत होत्या.

"नळ का रे लपवतोस? त्यानंच तर वाकवायला लावलं."

"आजी, फोटो स्वच्छ दिसतो."

"कुठला तू?"

"माणचा. दहिवडीजवळ."

"मग चहा घेऊन जा. इथे मराठी बोलणारं कोणी येत नाही. नातू माझा सगळं समजतो, पण उत्तर हिंदीत देतो."

तो चहा घेतला म्हणून असेल, फोटोखाली हिंदी आणि इंग्रजीत वर्णन लिहिल्यावर मी एक ओळ मराठीतही लिहिली. 'घराबाहेरच्या पायऱ्यांसाठी, वाकून चालणाऱ्या ज्येष्ठांना धरता येईल असं दोन उंचीचं रेलिंग.' आमच्या ऑफिसच्या प्रमुख निधी मॅडम हसल्या. "मोहाली के वेल्डर को मराठी में कौन ढूँढेगा, यार?" मग म्हणाल्या, "चल, रहने दे। जगह थोड़ी खाती है।"

दोन-तीन महिन्यांत त्या फोटोवर लोक येऊ लागले. आधी थोडे, मग पुष्कळ. अंकलचे नक्षीदार गेट, मोराचे ग्रिल सगळे मागे पडले. लोक यायचे, तो एकच फोटो मोठा करून बघायचे, आणि निघून जायचे. फोन कोणीच करत नव्हतं. अंकल आठवड्यातून एकदा मला विचारायचे, "आज कितने चोर आए?"

मी त्यांना लिंबाच्या पानाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "पत्ता कोई काट के नहीं ले जाता। डिज़ाइन ले जाता है।"

पण खरी अडचण वेगळीच निघाली. त्या सुमारास मॅडम ठरवणार होत्या की मला पुढे कायम ठेवायचं की नाही. माझ्यासाठी ती साधी गोष्ट नव्हती. बाबांच्या बदलीचं बोलणं सुरू झालं होतं. ते गेले की क्वार्टर सुटणार. मी कायम झालो तर इथेच खोली घेऊन शेवटचं वर्ष पूर्ण करू शकत होतो. नाहीतर कॉलेज सोडून त्यांच्याबरोबर जायचं, आणि पुढचं पुढे. बाबा म्हणायचे, "तू इथंच थांब. बाकी मी बघतो." पण ते काय बघणार होते, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. कोणत्या राज्यातून किती लोक आले, ते दिसत होतं. त्या एका फोटोवर निम्मे लोक महाराष्ट्रातून आले होते. सातारा, सांगली, सोलापूर.

"तुम कहाँ के हो?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"सातारा के, मॅडम."

"गाँव में कितने रिश्तेदार हैं?"

मला प्रश्न कळायला जरा वेळ लागला. मी म्हणालो, "मॅडम, मैंने किसी को नहीं बोला।"

"मैं इल्ज़ाम नहीं लगा रही," त्या शांतपणे म्हणाल्या. "बस ये बताओ, मोहाली की रेलिंग सातारा में कौन देखता है?"

खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. मी जागेवर येऊन त्या भेटी तपासत बसलो. सगळे दिवसा येत होते, वेगवेगळ्या फोनवरून, वेगवेगळ्या गावांतून. प्रोग्राम असा फोटो मोठा करून रेंगाळत नाही. म्हणजे माणसंच होती. पण ती माझीच माणसं असावीत, असाच तर मॅडमचा संशय होता. जितकं तपासावं तितका मीच अडकत होतो. शेजारी बसणारा रोहित म्हणाला, "सच बता, गाँव का ग्रुप है ना कोई?" तो गमतीत म्हणाला, पण उत्तराची वाट बघत राहिला.

आणि मग तो संशय माझ्याबरोबर घरी आला. गावाकडचा ग्रुप खरंच होता, बाबांचा. बाबांना माझं फार कौतुक. त्यांनी अभिमानाने तो फोटो ग्रुपवर टाकला असेल, सगळ्यांनी उघडला असेल, असं मला वाटायला लागलं. संध्याकाळी ते गणवेशाची बटणं काढत होते. मी त्यांच्यासमोर फोन धरला आणि विचारलं, "बाबा, हा फोटो तुम्ही गावाला पाठवला का?"

त्यांनी चष्मा लावून फोटो नीट बघितला. "ह्यो काय हाय?"

"रेलिंग आहे. खरं सांगा."

"आरं, मी कशाला धाडू?" ते म्हणाले. "तुझं काम काय हाय ते गावाकडं कुणी इचारलं, तर मला धड सांगता येत न्हाई. फोटू काय म्हणून धाडू?" मग चष्मा काढून, "आन् मी खोटं कवा बोललो तुझ्याशी?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली.

थोड्या दिवसांनी बलबीर अंकल स्वतः ऑफिसात आले. आयटी पार्कच्या काचेच्या इमारतीत ते पहिल्यांदाच येत होते. खाली सुरक्षारक्षकाने नाव विचारलं म्हणून आधीच चिडलेले. हातात फोन होता.

"देख! खरड़ में एक कोठी। मेरी रेलिंग!"

फोटोत शेजारच्या गावातल्या एका बंगल्याचं दोन पाईपांचं रेलिंग होतं. खालचा पाईप निम्म्यावर वाकून परत वर आला होता. भिंत कोरी होती.

"पाइप मुड़ा हुआ है, और नल है ही नहीं!" अंकल ओरडले. "बेवकूफ़ ने मोड़ भी नकल कर लिया! सोचा होगा फ़ैशन है।" आणि ते इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम गंभीर झाले. "बस। फोटो हटाओ।"

मी धीर करून म्हणालो की हटवण्याऐवजी खाली खरं लिहू या. वाकवलाय तो नळामुळे, तुमच्याकडे नळ नसेल तर सरळ ठेवा.

"वाह! चोर को नाप भी बता दूँ? घर भी छोड़ आऊँ उसका?"

मॅडमनी फोटो काढायला सांगितला. मी काढला. मग त्यांनी अंकलचं काम माझ्याकडून घेऊन रोहितला दिलं. मला कपड्यांच्या दुकानाचे फोटो हलके करत बसवलं. फोटो गेल्यावर महाराष्ट्रातून येणारे लोकही अर्थातच थांबले, आणि ते थांबले म्हणून माझ्यावरचा संशय पक्का झाला. म्हणजे दोन्हीकडून तेच. कायम करण्याचा विषय मॅडमनी काढला नाही, मीही काढला नाही.

मध्ये बरेच दिवस गेले. बाबांच्या बदलीचा आदेश आला. आईने ट्रंका उघडून सामान लावायला घेतलं. माझे कपडे कुठल्या ट्रंकेत घालायचे, हे तिने विचारलं नाही. ते पलंगावर तसेच राहिले.

एका दुपारी बाबा लवकर घरी आले आणि फोन माझ्यापुढे धरला. माझी आत्या गावाकडे राहते. तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, ते मला माहीत होतं. तिच्या मुलाने तिचा फोटो पाठवला होता. आत्या घरापुढच्या पायऱ्यांवर उभी, खालच्या पाईपला धरून. दोन पाईपांचं रेलिंग. निम्म्यावर खालचा पाईप वाकून परत वर आला होता. भिंतीला नुकताच चुना दिलेला, त्यावर काहीही नव्हतं.

"आता बोल," बाबा म्हणाले. "मी धाडला हुता?"

मी म्हणालो, "नाही बाबा." मग "चुकलं माझं" असंही म्हणालो. ते "असू दे" म्हणाले आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

आत्याच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, ऑपरेशनच्या आधीच, म्हणजे आमचा फोटो साइटवर होता तेव्हा, दहिवडीच्या एका वेल्डरला बोलावलं होतं. आपल्या आईची पाठ वाकलीय, असं सांगितल्यावर त्याने तिथेच फोनवर शोधलं. "मराठीत लिव्हल्यालं हे एकच घावलं त्याला. मग हुबेहूब करून दिलं. त्यानं लई ठिकाणी असंच बसिवलंय म्हणं. का रं?" तो फोटो मी काढला, हे त्याला माहीतच नव्हतं. सांगितलं तर म्हणाला, "जा! काय बी!"

तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. पण पहिला विचार आला तो मॅडमचा. ज्या नातेवाइकांचा त्यांना संशय होता, पुरावा म्हणून मी त्यांच्यातलीच आत्या घेऊन जाणार! त्या म्हणाल्या असत्या, बघा, मी म्हणत नव्हते? मी तो फोटो ऑफिसात नेलाच नाही. बलबीर अंकलकडे गेलो.

त्यांनी काळा चष्मा वर केला, फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. त्यांची नजर आत्यावर नव्हती, पाईपाच्या जोडांवर होती.

"वेल्डिंग साफ़ है," ते म्हणाले. "कौन है ये माताजी?"

मी सगळं सांगितलं. मॅडमच्या संशयाचंही. "मेरी बुआ है, अंकल. इसीलिए कोई मानेगा नहीं।"

"बुआ तेरी है," ते म्हणाले. "वेल्डर तो तेरा मामा नहीं है ना?"

मी नाही म्हणालो.

"तो फिर?" त्यांनी तिथूनच मॅडमना फोन लावला. "मैडम जी, वो दो पाइप वाली फोटो वापस लगाओ। ... हाँ जी, मैंने ही हटवाई थी। ... और काम वही मराठा मुंडा करेगा, दूसरा नहीं चाहिए।" फोन ठेवून म्हणाले, "सातारा से मेरे पास गेट बनवाने तो कोई आने से रहा। ले जाएँ।" मग बोट उगारून, "पर खरड़ वाले को नहीं छोड़ूँगा!"

तर मॅडमनी मला ठेवलं. तसं सांगताना त्या हसल्या नाहीत. आणि अजूनही महिन्याचा अहवाल आला की त्यांची नजर आधी महाराष्ट्राच्या ओळीवर जाते, हे मला दिसतं. मी एका मोठ्या खोलीत आणखी तिघांबरोबर राहतो. आई-बाबा दूर गेले आहेत. कॉलेज चालू आहे.

फोटो परत लावला तेव्हा अंकलनी स्वतःहून सांगितलं होतं, "नीचे लिख दे, मोड़ नल की वजह से है। नल नहीं तो सीधा रखो। बेचारी माताजी का हाथ अटकता होगा।" मला ते पटलं. इतकी माणसं नको ते वळण घरात घेऊन बसली होती, आणि मी कुंडीमागे नळ लपवला नसता तर ती वेळ आली नसती. पण लिहिण्याआधी आत्याला विचारावं असं वाटलं. फोन केला.

"आत्या, त्या पाईपाला मधे जो वाकडेपणा आहे ना, तो चुकून आलाय. वेल्डरला सांगून सरळ करून घेऊ का? हात अडकत असेल तुझा."

"आरं नगं, नगं!" ती ओरडलीच. "त्येला हात लावू देऊ नगंस कुणाला."

"का गं?"

"मला डोळ्याला धड दिसतंय व्हय? मी हात सरकवत चढती. हात खाली गेला की कळतं, निम्म्या पायऱ्या झाल्या. तितं थांबती, दम खाती, मग वर जाती." पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. "कुणी केलंय रं ते पयलं? त्याला सांग, लई इचार करून केलंय म्हणावं."